विषाणूंच्या आरएनएचे संरक्षण

विषाणूंच्या आरएनएचे संरक्षण म्हणजे आरएनए हा जनुकीय पदार्थ असलेले विषाणू यजमान पेशीत स्वतःच्या प्रती तयार करीत असताना त्या आरएनएचे विघटन होऊ नये म्हणून ज्या यंत्रणा वापरतात, त्यांचा समुच्चय होय. डेंग्यू, चिकुनगुन्या, रेबीज, गोवर, इन्फ्लुएन्झा, पोलिओ आणि कोविड-१९ या रोगांचे विषाणू आरएनए विषाणू आहेत. महाराष्ट्रात नागपूरजवळील चांदीपुरा येथे १९६५ साली सापडलेला आणि त्याच गावाच्या नावाने ओळखला जाणारा चांदीपुरा विषाणूही याच गटातला आहे.

सजीव पेशीत आरएनए तोडणारी विकरे सतत कार्यरत असतात. उघडा पडलेला परका आरएनए त्यांच्या तावडीत सापडला, तर संसर्ग तेथेच थांबतो. त्यामुळे टिकून राहिलेल्या प्रत्येक आरएनए विषाणूपाशी आपला आरएनए वाचवण्याचा काही ना काही उपाय असतो. हे उपाय प्रामुख्याने पाच प्रकारचे आहेत: आरएनएभोवती प्रथिनांचे आवरण, पेशीतील पटलांचे बंदिस्त कप्पे, विषाणूच्या कवचातच होणारे प्रतिकृतीकरण, आरएनएच्या टोकांची राखण आणि आरएनएच्या विशिष्ट घड्या. बहुतेक विषाणू यांपैकी एकाहून अधिक उपाय एकाच वेळी योजतात.

आरएनए नाजूक का असतो

आरएनए आणि डीएनए हे दोन्ही न्यूक्लिओटाइडांच्या लांब साखळ्या आहेत. आरएनएमधील रायबोज शर्करेवर दुसऱ्या कार्बन अणूपाशी एक हायड्रॉक्सिल गट असतो. डीएनएमध्ये तो नसतो. हा गट शेजारच्या फॉस्फेट बंधावर हल्ला करू शकतो आणि साखळी तुटते. अल्कली द्रावणात आरएनए झपाट्याने तुटतो आणि डीएनए मात्र बराचसा टिकतो, याचे कारण हेच आहे. आरएनए तोडणाऱ्या अनेक विकरांचे कार्यही याच गटाच्या आधारे चालते. या विकरांना रायबोन्यूक्लिएज असे म्हणतात. ती घाम, लाळ, त्वचा आणि रक्त यांत आढळतात व त्यांपैकी काही उकळल्यानंतरही पुन्हा कार्यक्षम होतात.

पेशीला स्वतःच्या आरएनएचेही नियमन करावे लागते. जनुकाचा संदेश घेऊन जाणारा संदेशवाहक आरएनए प्रथिननिर्मितीचे काम संपल्यावर मोडीत काढला जातो. त्याच्या ५′ टोकावर एक रासायनिक ‘टोपी’ असते आणि ३′ टोकावर ॲडेनिनची लांब शेपटी असते. शेपटी आखूड झाली आणि टोपी काढली गेली, की एक्सआरएन१ हे विकर ५′ टोकाकडून साखळी कुरतडू लागते. उलट दिशेने, म्हणजे ३′ टोकाकडून, हेच काम एक्सोसोम नावाचा प्रथिनसमूह करतो. ज्या आरएनएला टोपी किंवा शेपटी नाही, तो या यंत्रणेला सहज बळी पडतो.

याशिवाय पेशीत खास विषाणूविरोधी पहाराही असतो. विषाणूच्या प्रतिकृतीकरणात दोन पूरक धागे एकमेकांना जोडले जाऊन दुपेडी आरएनए तयार होतो. निरोगी पेशीच्या पेशीद्रव्यात असा लांब दुपेडी आरएनए सहसा नसतो. तो दिसताच एक प्रथिन विशिष्ट रासायनिक इशारा निर्माण करते आणि त्या इशाऱ्याने आरएनएज-एल हे विकर जागे होते. हे विकर विषाणूचा व पेशीचा असा दोन्ही आरएनए तोडते. आरआयजी-आय आणि एमडीए५ ही संवेदक प्रथिने परका आरएनए ओळखून इंटरफेरॉनची निर्मिती सुरू करतात. डासांमध्ये व वनस्पतींमध्ये दुपेडी आरएनएचे छोटे तुकडे करणारे डायसर हे विकर महत्त्वाचे असते. म्हणून विषाणूला आपला आरएनए दोन गोष्टींपासून वाचवावा लागतो: तोडणाऱ्या विकरांपासून आणि ओळखणाऱ्या संवेदकांपासून.

इतिहास

विषाणूचे प्रथिन त्याच्या आरएनएचे रक्षण करते, ही गोष्ट प्रथम तंबाखूच्या मोझॅक विषाणूवरील प्रयोगांतून स्पष्ट झाली. १९५६ साली जर्मनीत गीरर व श्राम यांनी आणि अमेरिकेत फ्रेंकेल-कॉनराट यांनी या विषाणूतील आरएनए प्रथिनापासून वेगळा केला. एकटा आरएनएही तंबाखूच्या पानांत संसर्ग घडवू शकतो, असे दिसून आले. मात्र अत्यल्प रायबोन्यूक्लिएज मिसळताच ही क्षमता नाहीशी होई. अखंड विषाणूवर त्याच विकराचा परिणाम होत नसे. वारसा आरएनएमध्ये असतो आणि त्याचे रक्षण प्रथिन करते, या दोन्ही गोष्टी त्यामुळे एकाच वेळी सिद्ध झाल्या.

त्यानंतर प्रश्न उरला तो पेशीच्या आत काय घडते याचा. पेशीत शिरल्यावर बहुतेक विषाणूंचे बाह्य कवच गळून पडते. आरएनएची प्रत काढायची तर तो विकरांसाठी मोकळा व्हावा लागतो. पण मोकळा झालेला आरएनए तोडलाही जाऊ शकतो. पुढील यंत्रणा या पेचातून काढलेल्या वाटा आहेत.

संरक्षणाच्या पद्धती

प्रथिनांचे आवरण

ज्या विषाणूंचा आरएनए संदेशवाहक आरएनएला पूरक, म्हणजे उलट अर्थाचा असतो, त्यांना ऋण-धाग्याचे विषाणू म्हणतात. रेबीज, गोवर, इन्फ्लुएन्झा आणि चांदीपुरा हे विषाणू या वर्गात मोडतात. त्यांचा जनुकीय आरएनए पेशीत शिरल्यावरही उघडा होत नाही. न्यूक्लिओप्रथिनाचे (एन प्रथिनाचे) रेणू त्याच्यावर ओळीने बसलेले असतात. प्रत्येक रेणूला दोन भाग असतात आणि त्यांच्या मधल्या खोबणीत आरएनए पकडलेला असतो. चांदीपुऱ्याच्याच कुळातील व्हेसिक्युलर स्टोमाटायटिस विषाणूमध्ये एक एन रेणू ९ न्यूक्लिओटाइडे झाकतो. गोवराच्या विषाणूमध्ये हे प्रमाण ६ आहे. तयार होणारी नवी प्रतही बाहेर पडता पडताच एन प्रथिनाने झाकली जाते. मूळ धागा व पूरक धागा दोन्ही झाकलेले असल्यामुळे दुपेडी आरएनए फारसा तयारच होत नाही आणि पेशीचा पहारा चुकवला जातो.

पटलांचे बंदिस्त कप्पे

डेंग्यू, चिकुनगुन्या, पोलिओ आणि कोरोना हे धन-धाग्याचे विषाणू आहेत. त्यांचा आरएनए थेट संदेशवाहक आरएनएसारखा वाचला जातो. त्यामुळे तो प्रथिनांनी पूर्ण झाकून ठेवता येत नाही. हे विषाणू पेशीतील पटले वाकवून लहान कप्पे तयार करतात व प्रतिकृतीकरण त्यांच्या आत उरकतात.

डेंग्यूचा विषाणू आंतरद्रव्यजालिकेच्या पटलात आतल्या बाजूला खळगे पाडतो. साधारण ९० नॅनोमीटर व्यासाच्या या पुटिका एका अरुंद छिद्राने पेशीद्रव्याशी जोडलेल्या राहतात. कच्चा माल त्यातून आत येतो व तयार आरएनए बाहेर जातो. चिकुनगुन्याचा विषाणू अशाच पुटिका पेशीच्या बाह्य पटलावर तयार करतो. त्यांच्या मानेशी विषाणूच्या एनएसपी१ प्रथिनाच्या १२ रेणूंचे कडे असते आणि तेच रेणू नव्या आरएनएला टोपी चढवण्याचे कामही करतात. कोरोना विषाणू दुहेरी पटलाच्या बंद पुटिका घडवतात. या पुटिका चहूकडून बंद असतील तर आरएनए बाहेर कसा येतो, हा प्रश्न बराच काळ अनुत्तरित होता. २०२० साली दोन्ही पटलांना भेदून जाणारा प्रथिनांचा मार्ग अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दिसून आला.

कप्प्यांना नेहमी पटलाची भिंत असतेच असे नाही. रेबीज झालेल्या मेंदूच्या पेशींत आढळणारे नेग्री पिंड १९०३ सालापासून निदानासाठी परिचित होते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ते विषाणूच्या प्रथिनांचे व आरएनएचे द्रवरूप थेंब असून प्रतिकृतीकरणाची केंद्रे असल्याचे दाखवण्यात आले. पाण्यात तेलाचा थेंब वेगळा राहावा, तसे ते पेशीद्रव्यात वेगळे राहतात.

कवचाच्या आत प्रतिकृतीकरण

लहान मुलांना अतिसार घडवणाऱ्या रोटाव्हायरसचा आरएनए मुळातच दुपेडी असून ११ खंडांत विभागलेला असतो. हा आरएनए पेशीद्रव्यात कधीच येत नाही. विषाणूचे आतले कवच शाबूत राहते, त्याच्या आतील विकर एकपेडी प्रती तयार करते आणि त्या प्रती कवचाच्या छिद्रांतून बाहेर सोडल्या जातात. नव्या कवचात शिरल्यानंतरच त्यांचा पूरक धागा बनतो.

टोकांची राखण

कुरतडणारी विकरे टोकापासून सुरुवात करतात, म्हणून टोक सुरक्षित ठेवणे महत्त्वाचे ठरते. डेंग्यू व कोरोना विषाणू स्वतःच्या विकरांनी पेशीच्या टोपीसारखीच टोपी तयार करतात. इन्फ्लुएन्झाचा विषाणू पेशीच्या संदेशवाहक आरएनएची टोपी काही न्यूक्लिओटाइडांसह कापून आपल्या संदेशाला जोडतो. पोलिओ विषाणू टोपीऐवजी व्हीपीजी हे छोटे प्रथिन टोकाला जोडतो. ते काढले गेल्यावर टोकाजवळच्या तिपानी घडीवर पेशीचेच एक प्रथिन बसून आरएनए सांभाळते. हिपॅटायटिस-सी विषाणूच्या टोकाशी यकृताच्या पेशीतील एमआयआर-१२२ हा सूक्ष्म आरएनए चिकटतो व एक्सआरएन१पासून रक्षण करतो. ज्या पेशीला विषाणू आजारी पाडतो, तिचाच घटक येथे विषाणूचा राखणदार झालेला दिसतो.

आरएनएच्या घड्या

डेंग्यू, झिका आणि त्यांच्या कुळातील विषाणूंच्या आरएनएमध्ये ३′ टोकाजवळ काही विशिष्ट घड्या असतात. ५′ टोकाकडून आरएनए कुरतडत आलेले एक्सआरएन१ येथे पोहोचते, तेव्हा आरएनएचे एक घट्ट वलय त्याची वाट अडवते. विकर पुढे सरकू शकत नाही आणि सुमारे ३०० ते ५०० न्यूक्लिओटाइडांचा तुकडा शिल्लक राहतो. हा तुकडा पेशीची विघटन यंत्रणा आणि इंटरफेरॉनचा प्रतिसाद मंदावतो. येथे संपूर्ण आरएनए वाचत नाही. त्याचा अवशेष इतर प्रतींच्या उपयोगी पडतो.

कोरोना विषाणू याच्या उलट मार्गही अवलंबतात. त्यांच्यापाशी स्वतःचे आरएनए तोडणारे विकर असते. ते विषाणूच्या ऋण-धाग्यावरील युरिडिनची लांब शेपटी छाटते, त्यामुळे एमडीए५ या संवेदकाला विषाणूचा सुगावा लागण्याची शक्यता कमी होते.

चांदीपुरा विषाणू: महाराष्ट्रातील उदाहरण

पुणे येथे १९५२ साली भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद व रॉकफेलर फाउंडेशन यांच्या सहकार्याने विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले. १९७८ पासून ते राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते. १९६५ साली नागपूर परिसरात तापाची साथ आली असताना या केंद्रातील संशोधकांना चांदीपुरा येथील दोन रुग्णांच्या रक्तात एक नवा विषाणू आढळला. भट्ट व रॉड्रिग्ज यांनी १९६७ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले.

पुढे बरीच वर्षे हा विषाणू फारसा घातक मानला जात नव्हता. २००३ साली आंध्र प्रदेशात मुलांमध्ये मेंदूज्वराची मोठी साथ आली. तीत ३२९ मुले आजारी पडली व १८३ दगावली. पुण्याच्या संस्थेने केलेल्या तपासणीत तिच्यामागे चांदीपुरा विषाणू असल्याचे निष्पन्न झाले. २००४ साली गुजरातमध्ये आणि २००७ साली नागपूर विभागात पुन्हा उद्रेक झाले. २०२४ च्या पावसाळ्यात भारतात तीव्र मेंदूज्वराचे २४५ रुग्ण आढळले, त्यांपैकी ८२ मरण पावले. ६४ रुग्णांमध्ये चांदीपुरा विषाणूची खात्री झाली. हा विषाणू मुख्यतः वाळूमाशीमार्फत पसरतो. ती मातीच्या भिंतींच्या भेगांत व गोठ्यांच्या आसपास आढळते. ताप, झटके आणि बेशुद्धी अशा क्रमाने आजार वाढतो आणि अनेक मुलांचा मृत्यू लक्षणे दिसल्यापासून २४ ते ४८ तासांत होतो. त्यावर वापरात असलेली लस किंवा खास औषध नाही.

या विषाणूचा आरएनए सुमारे ११,००० न्यूक्लिओटाइडांचा एकच धागा असून त्यावर एन, पी, एम, जी आणि एल या ५ प्रथिनांची जनुके याच क्रमाने असतात. ९ न्यूक्लिओटाइडांना एक रेणू या हिशेबाने एक धागा झाकण्यास एन प्रथिनाचे बाराशेहून अधिक रेणू लागतात. पेशीत सर्वाधिक प्रमाणात तयार होणारे प्रथिन एन हेच असते. त्याचे जनुक सर्वांत आधी वाचले जाते, यामागील एक कारण ही गरज होय.

एन प्रथिनाची एक अडचण अशी, की ते कोणत्याही आरएनएला चिकटू शकते. पेशीचा आरएनए झाकण्यात ते खर्ची पडले, तर विषाणूसाठी उरणार नाही. ही अडचण पी प्रथिन दूर करते. नव्याने बनलेल्या एन रेणूला ते धरून ठेवते, त्याला गुठळ्या होऊ देत नाही आणि विषाणूचा आरएनए तयार होत असेल तेथेच सोडते. कोलकाता विद्यापीठातील ध्रुवज्योती चट्टोपाध्याय व त्यांच्या सहकाऱ्यांनी चांदीपुरा विषाणूच्या एन व पी प्रथिनांचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे.

एल हे आरएनए तयार करणारे विकर आहे. ते पी प्रथिनाच्या आधाराने एन-आवरणावर सरकते. ते जेथे पोहोचते, तेवढ्याच जागी एन रेणूंची पकड क्षणभर सैल होते. विकर पुढे गेले की आरएनए पुन्हा खोबणीत बसतो. म्हणून वाचन चालू असतानाही धाग्याचा बहुतांश भाग झाकलेलाच राहतो.

प्रथिने बनवण्यासाठी लागणारा संदेशवाहक आरएनए मात्र एन प्रथिनाने झाकला जात नाही; तसे झाले तर पेशीतील रायबोसोमांना तो वाचता येणार नाही. त्याला एल विकरच टोपी व ॲडेनिनची शेपटी जोडते. या कुळातील विषाणूंची टोपी जोडण्याची रासायनिक रीत पेशीच्या रीतीहून वेगळी आहे. ओगिनो व अमिय बॅनर्जी यांनी २००७ साली व्हेसिक्युलर स्टोमाटायटिस विषाणूच्या अभ्यासातून ती उलगडून दाखवली. अशा प्रकारे एकाच विषाणूत आरएनएच्या दोन प्रकारांना दोन निराळ्या रीतींनी संरक्षण मिळते: जनुकीय आरएनएला आवरणाचे, संदेशवाहकाला टोकांचे.

अभ्यासाच्या पद्धती

संरक्षण आहे की नाही, हे पाहण्याची मूलभूत चाचणी सोपी आहे. संसर्ग झालेल्या पेशी फोडून मिळालेल्या द्रावणात रायबोन्यूक्लिएज मिसळतात आणि किती आरएनए शिल्लक राहिला ते मोजतात. आरएनए टिकला तर तो कशाने तरी झाकलेला आहे, असा अर्थ होतो. त्यानंतर पटले विरघळवणारे अपमार्जक घालून तीच चाचणी पुन्हा करतात. आता आरएनए तुटला तर त्याचे रक्षण पटल करीत होते. तरीही टिकला तर प्रथिनाचे आवरण किंवा दुपेडी रचना कारणीभूत आहे, असे अनुमान निघते. दुपेडी आरएनए ओळखणारी प्रतिपिंडे आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने घेतलेली त्रिमितीय चित्रे यांच्या साहाय्याने हे अनुमान पडताळून पाहतात.

उपयोजन

निदान

पेशीत सुरक्षित असलेला आरएनए रुग्णाचा नमुना घेतल्यानंतर मात्र तुटू शकतो. म्हणून नमुने थंड ठेवून शक्य तितक्या लवकर प्रयोगशाळेत पोहोचवावे लागतात. आरएनए वेगळा करताना ग्वानिडिनियमचे क्षार वापरतात. ते विषाणूचे आवरण उघडतात आणि त्याच वेळी रायबोन्यूक्लिएजही निकामी करतात. नमुना नीट सांभाळला गेला नाही, तर रुग्णास संसर्ग असूनही आरटी-पीसीआर चाचणी नकारार्थी येऊ शकते. चांदीपुऱ्यासारख्या आजारात रुग्ण एक-दोन दिवसांतच दगावू शकत असल्याने पहिलाच नमुना योग्य रीतीने पोहोचणे विशेष महत्त्वाचे असते. साथीचे कारण वेळेत कळणे व वाळूमाशीविरुद्ध फवारणी सुरू होणे त्यावर अवलंबून असते.

औषधे

विषाणूचे संरक्षण मोडले तर पेशीच्या विकरांनीच त्याचा आरएनए नष्ट व्हावा, हा औषध संशोधनातील एक विचार आहे. डेंग्यूच्या एनएस३ आणि एनएस४बी या प्रथिनांची जोडणी रोखणारे रेणू नव्या पुटिका तयार होऊ देत नाहीत. न्यूक्लिओझिन हा रेणू इन्फ्लुएन्झाच्या न्यूक्लिओप्रथिनाच्या गुठळ्या करतो. हे रेणू अद्याप सर्वसाधारण उपचारांत आलेले नाहीत. आधीच तयार झालेल्या कप्प्यांतील आरएनएपर्यंत औषध पोहोचणे कठीण असल्याने असे उपाय आजाराच्या सुरुवातीला अधिक परिणामकारक ठरण्याची शक्यता असते.

लसी

संदेशवाहक आरएनएवर आधारित लसींनाही हाच प्रश्न सोडवावा लागतो. या लसींतील आरएनएला टोपी व शेपटी असते आणि त्याचे स्निग्ध कणांच्या साहाय्याने रक्षण केले जाते. पुण्याच्या जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्स या कंपनीच्या जेमकोव्हॅक-१९ या लशीस जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापरासाठी मंजुरी मिळाली. ही भारतात विकसित झालेली अशा प्रकारची पहिली लस होय. ती शुष्क स्वरूपात असल्याने २ ते ८ अंश सेल्सियस तापमानाला, म्हणजे साध्या लसशीतकात ठेवता येते. स्वतःच्या प्रती वाढवणाऱ्या आरएनए लसींमध्ये चिकुनगुन्याच्या कुळातील, म्हणजे अल्फाविषाणूंच्या प्रतिकृतीकरण प्रथिनांची जनुके घातलेली असतात. त्यामुळे थोड्या मात्रेतील आरएनए पेशीत जाऊन वाढतो. विषाणूने स्वतःच्या बचावासाठी घडवलेली यंत्रणा येथे माणसाच्या बचावासाठी वापरली जाते.

मर्यादा

कोणतेही संरक्षण परिपूर्ण नसते. संसर्ग झालेल्या पेशीत विषाणूचा बराचसा आरएनए तुटतोच; संसर्ग पुढे जाण्यासाठी तुटण्याच्या वेगापेक्षा प्रती निर्माण होण्याचा वेग अधिक असणे पुरेसे असते. इंटरफेरॉनचा प्रतिसाद वेळेत मिळाला, तर हे पारडे पेशीच्या बाजूने झुकते. आवरण आणि कप्पे यांची किंमतही विषाणूला मोजावी लागते. एन प्रथिनाचा पुरवठा पुरेसा होईपर्यंत ऋण-धाग्याच्या विषाणूला जनुकीय आरएनएच्या पूर्ण प्रती काढता येत नाहीत. कप्पे घडवणाऱ्या विषाणूंना त्यासाठी लागणारी प्रथिने आधी उघड्या पेशीद्रव्यात तयार करावी लागतात. आरएनए सर्वाधिक असुरक्षित असतो तो संसर्गाच्या या पहिल्या टप्प्यात, आणि पेशीच्या प्रतिकाराला सर्वाधिक वाव मिळतो तोही याच काळात.